चित्रकाराची खोली: उत्तरेची खिडकी की एलईडी?

उत्तरेच्या खिडकीतून आकाशाचा पसरलेला उजेड येतो. सावल्या मऊ पडतात आणि तासन्‌तास जागच्या हलत नाहीत. समोर माणूस बसवून व्यक्तिचित्र करायचं तर याला तोड नाही. पण हा नियम युरोपातल्या स्टुडिओंमधून आला. मुंबई १९ अंश उत्तरेवर, म्हणून साधारण मे मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य भरदुपारीही उत्तरेकडे कललेला असतो आणि सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन थेट आत शिरतं. तेव्हा काचेवर ट्रेसिंग पेपर लावावाच लागतो. शिवाय दिनक्रम उजेडाच्या हाती: रंगकाम चारपर्यंत, नंतर कॅनव्हास ताणणं, प्रायमर, ब्रश धुणं.

नोकरी सांभाळून रात्री रंगवणाऱ्यांना आम्ही बिनदिक्कत एलईडीच सांगू, मात्र ५००० केल्विनचा, म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाचा, आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) ९५च्या आसपासचा. स्वस्त दिव्यात लाल कमी असतो. त्वचा निस्तेज दिसते, हात नकळत लाल वाढवतो आणि सकाळी चेहरा भाजल्यासारखा तांबडा निघतो. पिवळ्या बल्बखाली तर लिंबूपिवळा आणि पांढरा ओळखू येत नाहीत.

दिवा कॅनव्हासच्या वर, पुढे, सुमारे ४५ अंशांत. म्हणजे ओल्या तैलरंगाची चकाकी डोळ्यांत न येता खाली जाते. पॅलेटही त्याच उजेडात हवं. ते अंधारात राहिलं, तर मिश्रण फिकट होत जातं. संध्याकाळी खिडकी आणि दिवा एकत्र चालवू नका, दोन सावल्या पडतात. पडदा ओढा, मगच दिवा लावा.