मोठ्या माणसाचं ऑटिझम स्क्रीनिंग, पाचपाखाडीतल्या सेंटरचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)
मोठ्या माणसाचं ऑटिझम स्क्रीनिंग करायचंय आणि त्याला बौद्धिक अक्षमता पण आहे म्हटलं की ठाण्यात जागा शोधता शोधता जीव जातो, बहुतेक जण फोनवरच मुलाचं वय विचारतात आणि ३६ ऐकलं की आम्ही लहान मुलांचंच करतो म्हणून ठेवून देतात. इथे मात्र लगेच या म्हणाले.

दादाच्या कागदांवर शाळेपासून फक्त मतिमंद एवढंच. मिक्सर लावला की कान दाबून बाथरूममध्ये जाऊन बसणं, वर्कशॉपला जायचा रस्ता जरा बदलला तरी स्वतःला चावणं, ह्या सगळ्याला आजवर एकच उत्तर मिळालं, समज कमी आहे ना म्हणून, आणि वर शांत राहायच्या गोळ्या. इथल्या मॅडमनी आधी कान, डोळे, दात, थायरॉईड बघून यायला सांगितलं, कारण ज्याला दुखतंय हे सांगता येत नाही त्याचं वागणं दुखण्यानेही बदलतं. मला हे फार आवडलं.

मग आईशी निवांत बोलल्या, दादा ३-४ वर्षांचा असताना बोट दाखवायचा का, खोटंखोटं खेळायचा का वगैरे. नंतर इसा, म्हणजे आपल्याकडची ऑटिझमची स्केल, त्यात ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, बेरीज ७० किंवा त्याच्या पुढे गेली की ऑटिझम धरतात. पण त्या म्हणाल्या की समज खूप कमी असली की बोलण्याचे वगैरे गुण तसेही वाढतात, म्हणून नुसत्या बेरजेवर जायचं नाही, वागणं वयाशी नाही तर समजेशी ताडून बघायचं. दादाची समज साधारण ४ वर्षांच्या मुलाएवढी, पण ४ वर्षांचं पोर विमान दिसलं की आई बघ बघ करतं, दादाने असं कध्धीच काही दाखवलं नाही. आई तिथेच रडली, इतकी वर्षं तिला वाटायचं आपलंच प्रेम कमी पडलं.

एक स्टार कापला कारण वेटिंगमध्ये टीव्ही मोठ्याने चालू असतो, अशा जागी तर नकोच ना, सांगितल्यावर बंद केला पण सांगावं का लागावं. रिपोर्ट पण फक्त इंग्रजीत, आईला वाचता येत नाही. फी सगळ्यांना झेपेल अशी नाही.

आणि हो, हा रिपोर्ट म्हणजे सर्टिफिकेट नाही, त्यासाठी सरकारी बोर्डाकडेच जावं लागतं. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व आहे, त्यात ऑटिझम वेगळा धरलाय, त्यामुळे आधीचं सर्टिफिकेट असलं तरी हे नोंदवून घ्या. जाताना शाळेचे जुने रिपोर्ट आणि घरातले व्हिडिओ न्या, आणि लहानपण ज्याला आठवतं त्या माणसाला सोबत घ्याच.