दहावीला जुने पेपर बरे का अपेक्षित प्रश्नसंच?

चोपड्याहून मावसबहिणीचा फोन, पोरगा दहावीला, दोनातलं काय घेऊ म्हणे. खर्चाचं म्हणशील ताई तर जुने पेपर झेरॉक्सच्या पैशात येतात, गल्लीतल्या मोठ्या पोराकडे असले तर फुकटच. संचाला पैसे मोजावे लागतात पण त्यात उत्तरं तयार असतात, जुन्या पेपरची आपणच पुस्तकातून काढायची अन् बरोबर का चूक ते सरांना दाखवल्याशिवाय कळत नाही, म्हणजे मेहनत डबल.

भरवशाचं मात्र उलटं. जुना पेपर म्हणजे बोर्डाने खरंच विचारलेलं, संच म्हणजे कोणाचा तरी अंदाज, कव्हरवर काहीही छापू दे. फक्त मार्च २०१९ च्या आधीचे घेऊ नको, अभ्यासक्रम जुना आहे. २०२० च्या मार्चचा भूगोलाचा पेपर अन् २०२१ ची मुख्य परीक्षा कोरोनात रद्द झाली, ते शोधत बसू नको. बीजगणित ४० मार्क, दोन तास, घड्याळ लावून बसायला जुनाच पेपर पाहिजे.

पुस्तक एकदा वाचून झालंय त्याला जुने पेपर. उत्तर लिहायचं कसं तेच जमत नाही अन् विचारायला कोणी नाही, त्याला आधी संच. तुझा तर शिकवणीला जातो ना, मग झेरॉक्सच काढ.