अग्निबाणाचे गणित: एकच सूत्र की सेकंदागणिक तक्ता?

अग्निबाणाच्या उड्डाणाचा हिशेब स्वतः करून पाहायचा ठरवले की दोन वाटा समोर येतात. पहिली रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्की यांच्या 1903 साली प्रसिद्ध झालेल्या सूत्राची: बाहेर पडणाऱ्या वायूंच्या वेगाला सुरुवातीच्या आणि अखेरच्या वस्तुमानाच्या गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगरिदमने गुणले की वेगातील वाढ मिळते. दुसऱ्या, म्हणजे तक्त्याच्या वाटेत न्यूटनचा दुसरा नियम दर सेकंदाला नव्याने लावायचा असतो. त्या क्षणाच्या रेट्यातून (इंजिनांच्या पुढे ढकलणाऱ्या बलातून) वजन आणि हवेचा रोध वजा करायचा, उरलेल्या बलाला त्या क्षणाच्या वस्तुमानाने भागायचे, आणि आलेल्या त्वरणावरून पुढच्या सेकंदाचा वेग व उंची काढायची. दोन्हींचा उगम एकाच यांत्रिकीत असल्यामुळे बरोबर कोण आणि चूक कोण असा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे याचा.

सूत्राचा वेग आणि नेटकेपणा निर्विवाद आहे. अपोलो चांद्रमोहिमांच्या सॅटर्न-5 या अग्निबाणाचे ढोबळ आकडे घेऊ: उड्डाणाच्या वेळचे वस्तुमान सुमारे 29 लाख किलो, पहिल्या टप्प्यात जळणारे इंधन व ऑक्सिजन मिळून सुमारे 21 लाख किलो, पाच इंजिनांचा एकत्रित रेटा सुमारे 3.4 कोटी न्यूटन आणि दर सेकंदाला खर्च होणारे वस्तुमान सुमारे 13 हजार किलो. रेट्याला या खर्चाने भागले की वायूंचा परिणामी वेग सेकंदाला 2,615 मीटर येतो, आणि सूत्र एका ओळीत सांगते की पहिला टप्पा सेकंदाला सुमारे 3,370 मीटर वेग देऊ शकतो. प्रत्यक्षात पहिला टप्पा संपताना जमिनीच्या सापेक्ष वेग 2,400 मीटरच्या आसपास असे. ही तफावत मुख्यतः गुरुत्वामुळे पडते. ती भरून काढण्यासाठी गुरुत्व त्वरण गुणिले वेळ असे सरळ वजा केले तर सुमारे 1,580 मीटर कमी होतात आणि उत्तर वास्तवाच्या बरेच खाली जाते, कारण अग्निबाण हळूहळू आडवा कलत असतो. म्हणजे तो किती कलतो याचा अंदाज शेवटी आपल्यालाच बांधावा लागतो.

तरीही माझा कल तक्त्याकडे झुकवला तो या तफावतीने नव्हे. मला सतत खटकत राहिली ती वेगळीच गोष्ट: या सूत्रात रेटा हे पद स्वतंत्रपणे येतच नाही. याच अग्निबाणाची पाचांपैकी चारच इंजिने पेटली असे समजा. रेटा 2.72 कोटी न्यूटन, वजन 2.84 कोटी न्यूटन. अग्निबाण जागचा हलणार नाही. पहिली 12 सेकंदे तो तळावरच उभा राहून सव्वा लाख किलो इंधन जाळेल आणि पुरेसा हलका झाल्यावरच वर उठेल. सूत्राला मात्र याचा पत्ताही लागत नाही, कारण वायूंचा वेग तोच आणि वस्तुमानांचे गुणोत्तरही तेच. उत्तर पुन्हा 3,370. ज्या हिशेबाला उडणारा आणि न उडणारा अग्निबाण यांतला फरक दिसत नाही, त्यावर उड्डाणाच्या बाबतीत एकट्याने विसंबणे मला तरी जड जाते.

तक्त्यात हीच बाब पहिल्याच ओळीत समोर येते. निव्वळ बलाच्या रकान्यात ऋण संख्या दिसते. तळ अग्निबाणाला पेलून धरतो हे लक्षात घेऊन, अग्निबाण जमिनीवर असेपर्यंत ऋण बलाच्या जागी शून्य धरावे लागते. नाहीतर कागदावरचा अग्निबाण जमिनीत शिरू लागतो. पाचही इंजिने चालू असतील तर पहिल्या ओळीत निव्वळ बल 56 लाख न्यूटन आणि त्वरण अवघे 1.9 मीटर प्रति सेकंद वर्ग येते. तो महाकाय अग्निबाण इतक्या सावकाश का उठे, हे त्या एका आकड्यात कळते. दहा सेकंदांनी तेच त्वरण जवळजवळ 2.5 होते. वस्तुमान घटत जाते तसा हा आकडा वाढत्या चालीने वाढतो, आणि मग अपोलो 11 च्या उड्डाणात मधले इंजिन सुमारे 135 सेकंदांनी, बाकीच्या चारांच्या आधी, का बंद केले (त्वरण फार वाढू नये म्हणून) हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. हवेचा रोध एवढ्या मोठ्या अग्निबाणासाठी पहिल्या हिशेबात सोडला तरी फारसे बिघडत नाही.

तक्त्याचे दोष आहेत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. सेकंदाच्या सुरुवातीचे त्वरण पूर्ण सेकंदभर धरल्यामुळे वेग थोडा कमी येतो. वरच्या आकड्यांवर, गुरुत्व आणि रोध शून्य ठेवून, 10 सेकंदांच्या पायऱ्या घेतल्या तर अखेरचा वेग सेकंदाला सुमारे दीडशे मीटरने कमी भरतो, तर 1 सेकंदाच्या पायऱ्यांनी जेमतेम पंधराने. हा फरक ताडून पाहायला सूत्रच उपयोगी पडते, म्हणून तक्ता वापरणाऱ्यानेही ते हाताशी ठेवावे. किती टप्पे हवेत, इंधनाचे प्रमाण किती असावे, एवढेच ठरवायचे असेल तर कदाचित सूत्र पुरेसे होईल. पण एखाद्या क्षणी अग्निबाणावर कोणते बल किती आहे आणि त्याचे त्वरण काय, हे पाहायचे असेल, तर स्प्रेडशीट उघडून वेळ, वस्तुमान, रेटा, वजन, निव्वळ बल, त्वरण, वेग आणि उंची असे आठ रकाने मांडावेत आणि पायरी एका सेकंदाची ठेवावी, असे मी सुचवेन.