टिनाच्या खोलीतली ओल: वाऱ्यावरचा पंखा 18 महिने वापरल्यानंतर

दारव्हा तालुक्यात आमचं काळ्या मातीचं वावर आहे. धुऱ्याजवळ 16 बाय 12 फुटांची विटांची खोली, वर टिनपत्रे. बियाण्याचे कट्टे, सरकीची ढेप, युरिया, फवारणीचा पंप, डवरे, सगळं तिथेच राहतं. मृग सरून आर्द्रा लागलं की दार उघडताच कुबट वास यायचा आणि पोळ्यापर्यंत डवऱ्याच्या दांड्यांवर बुरा चढायचा.

2024 च्या मे महिन्यात मी टिनावर बिनविजेचा, वाऱ्यावर फिरणारा 24 इंची पंखा बसवला. आतली ओल खेचून बाहेर टाकतो, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. उन्हाळ्यात फरक लगेच कळला, भर दुपारीही आत उभं राहता येऊ लागलं. पावसाळ्यात मात्र काहीच बदललं नाही. श्रावणात ढेपीचे दोन कट्टे तळापासून हिरवे पडले. आई म्हणाली, "वरचा बुरा झटकून ऊन दाखव, गाय खाते." मी ऐकलं नाही. बुरशीचं विष ऊन दाखवून जात नाही, ते गाईच्या पोटातून दुधात उतरतं आणि ते दूध आमच्याच घरात लेकरं पितात. दोन्ही कट्टे खड्ड्यात पुरले. त्या दिवशी आईला फार वाईट वाटलं, मलाही.

दिवाळीनंतर गावातले मिस्त्री येऊन पाहून गेले. भिंतीचा खालचा हातभर पट्टा खरडला, तर चुना भुगा होऊन पडला. "दादा, टिन सोडा. पाणी खालून येऊन राहिलं," ते म्हणाले. खात्री करायला मी फरशीवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवला. प्लास्टिकच्या वर थेंब आले तर ओल हवेतली, खाली आले तर जमिनीतली. काढलं तेव्हा खालची बाजू चिंब होती. पावसाळा सरून महिना झाला होता, तरी! काळी माती पाणी धरून ठेवते आणि आमची फरशी थेट तिच्यावरच बसवलेली.

छपराचं पाणीही भिंतीच्या पायथ्यालाच पडायचं. एवढ्या छपरावर 50 मिलिमीटर पाऊस झाला तर जवळपास 900 लिटर पाणी होतं. ते सगळं पायात मुरत होतं.

2025 च्या एप्रिलमध्ये फरशी उखडली. माती काढून सहा इंच जाड गिट्टी भरली, कारण मोठ्या दगडांच्या फटींतून ओल वर चढू शकत नाही. त्यावर रेतीचा थर, मग 250 मायक्रॉनचं प्लास्टिक भिंतीवर वीतभर चढवून, आणि वर काँक्रीट. बाहेर पन्हाळ लावून पाणी नालीत सोडलं. खाली दोन्ही बाजूंना जाळीची भोकं पाडली. खालून हवा शिरायला वाटच नसेल तर वरचा पंखा ओढणार काय? हे मला पहिल्याच वर्षी कोणी सांगायला हवं होतं.

यंदाच्या पावसाळ्यात आर्द्रतामापक आतच टांगून ठेवला. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये भर दुपारीही 88 टक्क्यांच्या आसपास असायचा, यंदा उघडीप असेल त्या दुपारी 70 पर्यंत उतरला. झडीत बाहेरचीच हवा ओली असते, तेव्हा पंखा काही करू शकत नाही. अशा दिवशी दार बंद ठेवतो. ऊन पडलं की 11 ते 4 उघडं.

पंख्याबद्दल दोन तक्रारी आहेत. बुडाशी पहिल्याच पावसात गळती झाली, सिलिकॉन पुन्हा भरून घ्यावं लागलं. आणि वारा पडला की तो थांबतो. त्याचा खरा उपयोग मला ऑक्टोबरमध्ये दिसला. निरभ्र रात्री टीन गार पडतं, आतली वाफ त्याला धरते आणि पहाटे थेंब टपकतात. यंदा कट्ट्यांवर तसे डाग नाहीत. ओल शोषणारे डबेही आणून पाहिले होते, चार दिवसांत भरले. एवढ्या मोठ्या खोलीत ते पैसे वाया.

जुना बुरा कोरड्या झाडूने झाडू नका, तो हवेत उडून छातीत जातो. तोंडाला फडकं बांधून ओल्या कापडाने पुसा, लाकूड उन्हात वाळवा, भिंतींना चुना मारा. कडुलिंबाचा पाला किडीसाठी ठेवा, ओलीवर तो इलाज नाही.

राहिलं सोयाबीनचं बियाणं. जूनमध्ये घरचे 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळले, 58 उगवले. किमान 70 तरी हवेत. मळणीयंत्राचा मारही त्यात असेल, सगळा दोष ओलीचा म्हणत नाही, पण पेरताना बियाणं वाढवून टाकावं लागलं. यंदाचे कट्टे लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, पाचच्या थप्पीत ठेवले आहेत. मे महिन्यात त्यातले 100 दाणे पुन्हा गोणपाटात घालणार आहे.