चेकडिस्क की डीडीरेस्क्यू? जुनी हार्ड डिस्क रखडू लागली तर

देवगडात आंब्याचा हिशेब असलेला जुना पीसी घ्या, नाहीतर मालवणातल्या स्टुडिओतला. फोल्डर उघडायला मिनिटभर लागतं आणि ‘स्मार्ट’मधला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) १९७ क्रमांकाचा आकडा, म्हणजे धड वाचता न येणारे सेक्टर, डिस्कवरचे छोटे कप्पे, वाढत चाललेला असतो. अशा वेळी बहुतेकांचा हात जातो तो विंडोजच्या चेकडिस्ककडे, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणाऱ्या आज्ञेकडे, पुढे खराब सेक्टर शोधायला लावणारं ‘/आर’ लावून.

हा उपाय फुकट आणि सोपा. पण तो सगळी डिस्क वाचत बसतो, अडलेल्या जागी पुन्हापुन्हा, आणि वर त्याच डिस्कवर लिहितोही. आधीच दमलेल्या डिस्कला हा मार सोसेलच असं नाही. डेटा दुसरीकडे सुरक्षित असेल तर खुशाल चालवा.

डीडीरेस्क्यू या डिस्कची दुसऱ्या डिस्कवर नक्कल काढणाऱ्या प्रोग्रामचा खाक्या वेगळा. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून पीसी सुरू करायचा आणि तेवढीच किंवा मोठी दुसरी डिस्क जोडायची. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, खराब पट्टा ओलांडून पुढे जातो आणि हट्टी सेक्टरांशी झगडा शेवटी करतो. कुठवर आलो याची नोंद मॅपफाइलमध्ये राहते. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा हीच फाइल कामाला येते: तीच आज्ञा पुन्हा द्या, काम राहिलं तिथून पुढे. मात्र कुठली डिस्क जुनी, कुठली नवी हे दोनदा तपासा. उलटं झालं की संपलंच.

फाइलींची दुरुस्ती मग त्या नकलेवर करा. डिस्क टकटक वाजत असेल तर मात्र दोन्ही सोडा आणि वीज बंद करा.