टेली व्ह्यू डीलाइट : आयकपची उंची जुळली की आयपीस बदलून जातो

गेली सहा वर्षे माझ्याकडे 8 इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवर हाताने फिरवायची आरशाची) दुर्बीण आहे आणि तिच्यावर गेले दोन हिवाळे मी टेली व्ह्यू कंपनीचे डीलाइट मालिकेतले 18.2 मिलिमीटर आणि 9 मिलिमीटरचे दोन आयपीस (दुर्बिणीला डोळा लावतो तिथे बसवायच्या भिंगांच्या नळ्या; मिलिमीटरचा आकडा ही त्यांची फोकल लांबी, ती जितकी कमी तितके दृश्य मोठे) वापरतो आहे. माझी भाची न्यू जर्सीहून सुट्टीला आली तेव्हा तिने ते सोबत आणले. या आयपीसच्या स्पष्टतेबद्दल आणि रंगांच्या शुद्धतेबद्दल बरेच लिहिले गेले आहे आणि ती प्रशंसा रास्तच आहे. म्हणून मी इथे ज्या भागाकडे खरेदी करताना बहुतेकांचे लक्ष जात नाही त्याबद्दल, म्हणजे डोळा टेकवायच्या त्या वर-खाली होणाऱ्या रबरी कपाबद्दल, आयकपबद्दल, लिहिणार आहे. चष्मा लावणाऱ्या माणसाला दुर्बिणीतून दिसते किती, हे माझ्या अनुभवात भिंगांइतकेच या कपाच्या उंचीवर ठरते.

प्रत्येक आयपीसमधून बाहेर पडणारा प्रकाश काचेपासून काही अंतरावर एका लहानशा चकतीत गोळा होतो. आपल्या डोळ्याची बाहुली नेमकी त्या चकतीवर आली तरच दृश्याचा संपूर्ण गोल कडेपर्यंत एका नजरेत दिसतो. शेवटच्या काचेपासून या चकतीपर्यंतचे अंतर म्हणजे आय रिलीफ. आता चष्म्याचा हिशोब पाहू. चष्म्याची काच डोळ्याच्या पृष्ठभागापासून साधारण 12 ते 14 मिलिमीटर पुढे असते, तिची स्वतःची जाडी एक-दोन मिलिमीटर भरते आणि बाहुली डोळ्याच्या पृष्ठभागापासून सुमारे 3 मिलिमीटर आत असते. ही बेरीज 17-18 मिलिमीटरच्या आसपास जाते. चष्मेवाल्यांनी 20 मिलिमीटर आय रिलीफ असलेला आयपीस घ्यावा असे जाणकार सांगतात, त्याचे कारण हेच.

दुर्बिणीसोबत मला 10 मिलिमीटरचा एक साधा प्लॉसल आयपीस मिळाला होता. प्लॉसल रचनेत आय रिलीफ फोकल लांबीच्या सुमारे 70 टक्के असते, म्हणजे या आयपीसमध्ये ते जेमतेम 7 मिलिमीटर. त्यातही काच धातूच्या कडेपेक्षा थोडी खोल बसवलेली होती आणि वर रबराची दुमडलेली कड होती, त्यामुळे प्रत्यक्ष हाती लागणारे अंतर 5 मिलिमीटरही नव्हते. चष्मा लावून पाहिले की गुरूभोवतीचे आकाश पेल्याएवढे आक्रसायचे. चष्मा काढून पाहिले की पापण्या काचेला घासायच्या, प्रत्येक उघडझापीला काचेवर तेलकट रेघ उमटायची आणि थंडीच्या रात्री डोळ्याच्या उबेने पाच मिनिटांत काच धुरकट व्हायची. चार वर्षे मी हे सोसले, आणि जास्त विशालनाने, म्हणजे जास्त पट मोठे करून, ग्रह पाहणे आपल्या डोळ्यांना जमत नाही असे मनाशी धरून चाललो. दोष डोळ्यांचा नव्हता.

डीलाइटमध्ये सर्व फोकल लांब्यांना आय रिलीफ एकच, 20 मिलिमीटर आहे आणि दिसणारे क्षेत्र, म्हणजे डोळ्यासमोरच्या गोलाची रुंदी, 62 अंशांचे आहे. 3 मिलिमीटरच्या आयपीसलाही तेवढेच अंतर मिळते, ही या मालिकेची मोठी जमेची बाजू आहे. पण लांब आय रिलीफची दुसरी बाजूही असते आणि ती फारसे कोणी सांगत नाही. अंतर मोठे झाले की डोळा नेमका कुठे ठेवायचा याला आधार राहत नाही. डोळा जरुरीपेक्षा जवळ गेला की दृश्यात काळ्या सावल्या सरकू लागतात, कधी अर्धा गोलच झाकोळून जातो. डोळा लांब राहिला की कडा गळून पडतात आणि किल्लीच्या छिद्रातून डोकावल्यासारखे वाटते. या दोन्हींच्या मधली जागा अरुंद असते. अंधारात, वाकून, हाताने दुर्बीण ढकलत असताना ती जागा प्रत्येक वेळी मानेच्या अंदाजाने शोधत बसणे थकवणारे असते. आयकपचे खरे काम ती जागा चेहऱ्याला दाखवून देण्याचे आहे.

डीलाइटचा आयकप यासाठी फार विचारपूर्वक केलेला आहे. त्याचे कडे सैल करायचे, कप हव्या त्या उंचीवर आणायचा आणि कडे पुन्हा आवळायचे, एवढीच कृती आहे. मधे ठरावीक पायऱ्या नाहीत, त्यामुळे एखाद्या मिलिमीटरचा फरकही करता येतो, आणि एकदा आवळला की चेहऱ्याच्या दाबाने कप खाली बसत नाही. पूर्वी एका मित्राकडचा फिरवून वर येणारा आयकप मी वापरला होता. तो दोन तासांत हळूहळू उतरायचा आणि दृश्य का बिघडले हे मला पहिल्या काही वेळा कळलेच नव्हते. त्या अनुभवानंतर आवळता येणाऱ्या कड्याचे मोल मला विशेष वाटते.

तरीही पहिल्या रात्री माझी निराशाच झाली होती. वेल्ह्याजवळच्या एका माळावर, तोरण्याच्या काळ्या कडेवर मृग वर येत असताना मी 18.2 मिलिमीटरचा आयपीस लावला आणि चष्म्यासकट डोळा टेकवला. कप ज्या उंचीवर होता त्याच उंचीवर मी तो ठेवला होता. दृश्याच्या कडा दिसेनात. मग चष्मा काढला, तर सावल्या नाचू लागल्या. एवढा नावाजलेला आयपीस असा कसा, असे वाटून मी तासाभराने जुना 25 मिलिमीटरचा आयपीस परत लावला. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी शांतपणे मोजमाप केले तेव्हा उलगडा झाला. ते मोजमाप इथे सविस्तर सांगतो, कारण कुठल्याही आयपीससाठी ते उपयोगी पडेल.

दिवसा उजेडी दुर्बीण इमारतीच्या सावलीत, उत्तरेच्या मोकळ्या आकाशाकडे तोंड करून ठेवावी. सूर्य दुर्बिणीच्या रोखाने येण्याची सुतराम शक्यता नाही याची आधी खात्री करावी, त्यात कसलीही हयगय नको. आयपीसचा कप पूर्ण खाली करावा आणि बटर पेपरचा एक तुकडा त्याच्यासमोर धरून हळूहळू मागे न्यावा. कागदावर प्रकाशाचा गोल ठिपका पडतो. मागे जाताना तो लहान होत जातो, एका ठिकाणी त्याची कड सुरीने कापल्यासारखी रेखीव होते आणि त्यापुढे तो पुन्हा पसरू लागतो. जिथे कड सर्वांत रेखीव होते तिथे आपली बाहुली यायला हवी. कपाच्या कडेपासून त्या जागेपर्यंत पट्टीने मोजले की प्रत्यक्ष वापरता येणारे अंतर कळते. छापील आकडा काचेपासून मोजलेला असतो आणि आपला चेहरा टेकतो तो रबराला, हा भेद या एका प्रयोगात डोळ्यांदेखत स्पष्ट होतो. ठिपक्याचा व्यासही पाहून घ्यावा. माझी दुर्बीण एफ 6 ची (फोकल लांबी आरशाच्या व्यासाच्या सहापट) असल्याने 18.2 मिलिमीटरच्या आयपीसमधून तो सुमारे 3 मिलिमीटर पडतो आणि 9 मिलिमीटरच्या आयपीसमधून दीड.

हा व्यास मला दुसऱ्या एका कारणाने महत्त्वाचा वाटतो. दुर्बिणीतून पाहताना चष्म्याची गरज सगळ्यांना नसते. नुसता लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर फोकसचे चाक थोडे फिरवले की काम भागते. गरज पडते ती सिलिंड्रिकल नंबर असलेल्यांना, कारण तो दोष फोकसने जात नाही, आणि माझ्या उजव्या डोळ्याला असा सव्वाचा नंबर आहे. 3 मिलिमीटरच्या चकतीला चष्म्याशिवाय डोळा लावला तर रोहिणीची चांदणी मला ठिपक्याऐवजी आडव्या काडीसारखी दिसते. दीड मिलिमीटरची चकती मात्र डोळ्याचा फक्त मधला लहान भाग वापरते, त्यामुळे तो दोष जवळजवळ जाणवत नाही. म्हणून मी 18.2 मिलिमीटरचा आयपीस कप पूर्ण खाली करून चष्म्यासकट वापरतो आणि 9 मिलिमीटरचा कप वर उचलून बिनचष्म्याने. दोन आयपीस, दोन उंच्या, आणि दोन्ही उंच्या दुपारी मोजून ठरवलेल्या.

त्यानंतरच्या अमावस्येला त्याच माळावर पुन्हा गेलो. 18.2 मिलिमीटरच्या आयपीसमध्ये 66 पट विशालन मिळते आणि पूर्ण चंद्राच्या जवळपास दुप्पट रुंदीचे आकाश दिसते. ययाती तारकासमूहातला ताऱ्यांचा जोडगुच्छ मी अनेकदा पाहिला होता, पण एक गुच्छ दिसला की दुसऱ्यासाठी डोके हलवायचे अशी सवय लागली होती. त्या रात्री दोन्ही गुच्छ एकाच नजरेत, कडेपर्यंत टाचणीच्या टोकांसारख्या ताऱ्यांसकट समोर उभे राहिले. मी बराच वेळ हललो नाही. त्यानंतर 9 मिलिमीटरच्या आयपीसमधून, 133 पटीला, गुरू पाहिला. या विशालनाला आकाश दृश्यातून झरझर सरकते. एका कडेला आणलेला ग्रह दुसऱ्या कडेला पोहोचायला दोन मिनिटेही लागत नाहीत. कप योग्य उंचीवर असला की भुवईखालचे हाड त्याला अलगद स्पर्श करते आणि डोळा जागेवर राहतो, हात मात्र दुर्बीण ढकलायला मोकळे असतात. इथे एक सावधगिरी बाळगावी लागते. कप गरजेपेक्षा वर असेल तर आपण नकळत चेहरा दाबू लागतो आणि डॉब्सोनियनचे नळकांडे थरथरते. पट्ट्यांमधले बारकावे त्या थरथरीत हरवतात आणि आपण हवेला दोष देत बसतो.

आयकपची परकी प्रकाशकिरणे अडवण्याची बाजूही सांगायला हवी. वेल्ह्याला ती फारशी जाणवत नाही. पुण्यात गच्चीवरून पाहताना मात्र शेजारच्या इमारतीतला जिन्याचा दिवा बाजूने काचेवर पडतो आणि फिकट तेजोमेघ पुसून टाकतो. चष्म्यासाठी कप खाली केलेला असताना हे संरक्षण उरत नाही, ही अडचण कोणत्याही आयपीसमध्ये येते. मी डोक्यावरून काळे कापड घेतो, त्याने पुरेसे भागते.

गेल्या डिसेंबरात एका जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर मुलांना आणि पालकांना चंद्र दाखवण्याचा योग आला. तिथे या आयपीसची वेगळ्या प्रकारे कसोटी लागली. रांगेत चष्मा असलेली आणि नसलेली माणसे आलटून पालटून येत होती आणि प्रत्येकासाठी कप वर-खाली करणे शक्य नव्हते. मी कप पूर्ण खाली ठेवला आणि ज्यांना चष्मा नव्हता त्यांना दोन बोटे आयपीसच्या कडेवर टेकवून त्या बोटांवर भुवई ठेवायला सांगितले. एका आजीबाईंनी चष्मा काढू का म्हणून विचारले, तेव्हा मी म्हटले, "आजी, चष्मा राहू द्या, नुसते जवळ या." त्यांना चंद्राचा गोल जवळजवळ सबंध दिसला आणि त्या रांगेतून बाजूला व्हायला तयार होईनात. जुन्या प्लॉसलवर हे घडले नसते. कार्यक्रम संपल्यावर रबरावर काजळाचे डाग होते, पण डोळा काचेपासून दूर राहत असल्याने काच स्वच्छ होती. रबर ओल्या फडक्याने पुसले की निघते. काचेवर काजळ गेले तर ते काढताना जीव टांगणीला लागतो.

किमतीबद्दल स्पष्ट लिहितो. एका आयपीसला अमेरिकेतच अडीचशे डॉलरहून अधिक मोजावे लागतात आणि मागवून घेतला तर वर सीमाशुल्क. नव्याने छंद लागलेल्या कोणाला मी हा पहिला आयपीस म्हणून सुचवणार नाही. सेलेस्ट्रॉनच्या एक्स-सेल एलएक्स मालिकेत 60 अंशांचे क्षेत्र, 16 मिलिमीटर आय रिलीफ आणि फिरवून वर येणारा कप बऱ्याच कमी पैशांत मिळतो, आणि ज्यांचा चष्मा डोळ्यालगत बसतो त्यांना तो पुरू शकेल. पेन्टॅक्सच्या एक्सडब्ल्यू मालिकेत 20 मिलिमीटर अंतरासह 70 अंश मिळतात, पण तो आयपीस बोजडही आहे आणि महागही. टेली व्ह्यूकडे डायऑप्ट्रिक्स नावाचे एक जोडभिंगही आहे. ते आयपीसवर बसवले की सिलिंड्रिकल दोष तिथेच दुरुस्त होतो आणि चष्मा काढून पाहता येते. ते एकाच नंबरासाठी असते आणि माझा नंबर दर दोन-तीन वर्षांनी बदलतो, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. घेण्याआधी कोणाकडे हा आयपीस असेल तर आपला रोजचा चष्मा लावून एकदा पाहून यावे. चष्म्याच्या चौकटीचा आकार आणि नाकावरची बैठक प्रत्येकाची वेगळी असते, आणि दोन मिलिमीटरांनी इथे बराच फरक पडतो.

एक उणीव मला सतत जाणवते. कपाच्या सरकणाऱ्या भागावर उंचीच्या खुणा नाहीत, त्यामुळे कोणाला दाखवण्यासाठी खाली केलेला कप अंधारात पुन्हा त्याच जागी आणणे अवघड जाते. मी 9 मिलिमीटरच्या आयपीसवर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून घेतली आहे आणि तिच्यावर नखाला लागेल असा चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावला आहे. आता दिवा न लावता, नखाने चाचपून कप त्या रेघेवर येतो, कडे आवळले जाते आणि डोळा लावताच दृश्याचा गोल सबंध उघडतो.