पितळी इंजिन: डाग द्यायचा की चिकटवायचं?

मॉडेल रेल्वेचं जुनं पितळी डिझेल इंजिन घरी आलं की पहिला आठवडा नुसतं न्याहाळण्यात जातो. दुसऱ्या आठवड्यात घंटा चुकीच्या जागी बसवलीय हे लक्षात येतं, आणि मग तेवढंच दिसत राहतं. माझं इंजिन एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढं, अल्को कंपनीच्या आरएस-३ चं मॉडेल, जपानात बनलेलं, बिनरंगाचं. ते अमेरिकेतल्या डेलावेअर अँड हडसन रेल्वेचं करायचं ठरवलं. अल्कोचा कारखाना शेनेक्टडीचा आणि ही रेल्वे त्याच्या अंगणातली. शिवाय घोरपडीच्या डिझेल शेडजवळ लहानपण गेलेल्याला अल्कोच्या धापा वेगळ्या ऐकवाव्या लागत नाहीत. १९६२ साली आलेलं भारतीय रेल्वेचं डब्ल्यूडीएम-२ त्याच घराण्यातलं. आरएस-३ च्या पोटात अल्कोचं ‘२४४’ नावाचं डिझेल इंजिन, आपल्याकडे ‘२५१’. म्हणजे सख्खं नाही, पण चुलत नक्की.

आता नवे सुटे भाग सोल्डरने डाग देऊन बसवायचे की चिकटवायचे? मी एकाच इंजिनावर दोन्ही करून बसलोय, त्यामुळे दोन्हीकडून बोलण्याचा थोडा हक्क आहे.

चिकटवण्याच्या बाजूने बरंच काही आहे, ते नाकारत नाही. उष्णता नको, त्यामुळे कारखान्यात बसवलेले भाग सुटायची धास्ती नाही. रंगवलेल्या इंजिनावर तर दुसरा मार्गच नाही. दोन नळ्यांचा इपॉक्सी घेतलात तर भाग सरळ करायला पाच-दहा मिनिटं मिळतात. घंटेचा ओतीव कंस मी तसाच बसवला आणि तो अजून जागचा हललेला नाही. जाड बुडाच्या भागांना इपॉक्सी पुरतो, असं माझं मत.

अडचण बारीक तारेची. हूडच्या, म्हणजे इंजिनावरच्या लांब आवरणाच्या, टोकाला चढण्यासाठी जे दांडे असतात, ज्यांना सगळे ग्रॅब आयर्न म्हणतात, ते खऱ्या इंजिनावर साधारण १८ इंच रुंद. आपल्या मापात सव्वापाच मिलिमीटर. तार जेमतेम ०.३ मिलिमीटरची. पिन व्हाइसने, म्हणजे बोटांनी फिरवायच्या बारीक ड्रिलने, भोकं पाडली, तार चिमट्यात वाकवली, सुईच्या टोकाने सुपरग्लूचा ठिपका ठेवला. असे सोळा दांडे, तीन संध्याकाळी. फार देखणं दिसलं. महिनाभर.

मग एकदा इंजिन रुळावर ठेवताना बोटाला काहीतरी टोचलं. पाहतो तर दांडा बोटात. पुढच्या रविवारी आणखी एक. पितळी इंजिन जड, उचलताना पकड घट्टच लागते, आणि बोटं नेमकी तिथेच पडतात जिथे दांडे आहेत. सुपरग्लू ओढ सोसतो, पण असा आडवा धक्का आणि सोलवटणं त्याला मानवत नाही. गुळगुळीत पितळेवर तर नाहीच. सतरंजीत पडलेला दांडा सापडत नाही. सापडला तरी भोकात जुना गोंद वाळलेला, म्हणजे पुन्हा ड्रिल. त्यात पुण्याचा पावसाळा: दमट हवेत या गोंदाभोवती पांढरी राखेसारखी साय धरते, ती रंगाखालूनही जाणवते.

निकाल मात्र वेगळ्याच दिवशी लागला. राखाडी छटा चुकली म्हणून रंग काढायला बॉडी ॲसिटोनमध्ये बुडवली. रंग निघाला. बरणीच्या तळाशी उरलेले सगळे दांडे आणि ब्रेकची नळी, काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशी. ॲसिटोन सुपरग्लू विरघळवतो हे मला माहीत होतं, हे जास्त लागलं.

दुसऱ्यांदा सगळं सोल्डरने केलं. तेही सुखाचं नाही. पहिल्याच दिवशी कठड्याचा एक खांब बसवताना शेजारचा, कारखान्यातून आलेला खांब आरामात आडवा झाला. पितळ उष्णता लांबवर नेतं. त्यावर उलटा वाटेल असा उपाय सापडला: सोल्डरिंग आयर्न छोटं नको, चांगलं जाडजूड टोकाचं हवं. छोट्याने सांधा तापेपर्यंत अख्खं हूड तापतं. मोठ्याने दोन सेकंदांत काम होतं आणि उष्णतेला पळायला वेळ मिळत नाही. शेजारच्या भागांवर ओल्या कापसाचे बोळे. आणि सोल्डर कमी तापमानाचं, १४५ अंशांचं. नेहमीचं कथिल-शिशाचं १८३ च्या पुढे वितळतं, त्यामुळे जुने सांधे शाबूत राहतात. मोटर आणि सर्किट आधी बाहेर काढायचं, हे सांगायला नको.

दांड्यांची तार भोकातून आत दोन मिलिमीटर जाऊ द्यायची आणि डाग आतल्या बाजूने द्यायचा. बाहेर थेंब दिसत नाही, कानशीही लागत नाही. जागा आधी लखलखीत घासलेली हवी, लाखेचा पारदर्शक थर पूर्ण काढलेला. दारात येणारा कल्हईवाला भांडं घासून तापवून नवसागर टाकायचा आणि कथिल क्षणात पसरायचं. इथे तेच शास्त्र, फक्त नवसागराच्या जागी फ्लक्स. तो मात्र कोमट पाण्याने, ब्रशने, नीट धुवा. मी एका कोपऱ्यात आळस केला आणि दोन महिन्यांनी रंगाखालून हिरवा कळंक वर आला.

वेळ म्हणाल तर सोल्डरला मला दुप्पट लागला. तुमचं इंजिन काचेच्या कपाटातच राहणार असेल तर एवढा खटाटोप कदाचित नको. इपॉक्सीने छान भागेल. पण दर रविवारी उचलून रुळावर ठेवणार असाल, तर निदान दांडे आणि कठडे तरी डाग देऊनच बसवा, असं आपलं मला वाटतं. माझे सोळाच्या सोळा दांडे दोन वर्षं जागेवर आहेत, आणि मधे एकदा ॲसिटोनमधूनही जाऊन आलेत.

कॅबवरचा हॉर्न तेवढा अजून चिकटवलेला आहे. तो सुचला तेव्हा नंबर घालून झाले होते.